तुम्ही विचारलंत म्हणून: आठ वेळा खरंच का पिसायचं?

खोटं पिसलं तरी बघणाऱ्याला तेच दिसतं, मग आठ वेळा खरी फारो, म्हणजे पत्ते एकाआड एक गुंफून पिसणं, करायचा हट्ट कशासाठी? पत्त्यांची जादू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं मला हे कधी ना कधी विचारलंय. काहींनी आपुलकीनं, काहींनी कीव केल्यासारखं. मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं आणि त्यातलं एकही पुरतं खरं नव्हतं.

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, हे आधी सांगून टाकते. क्रमानं लावलेला कॅट पिसल्याचा आभास करून क्रम तसाच राखणं मलाही येतं. त्यात धोका कमी आणि लक्ष प्रेक्षकांकडे ठेवता येतं. फारोत बरोबर २६ पत्त्यांवर काटायचं, दोन्ही अर्ध्यांच्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि ५२ पत्ते एकाआड एक गुंफायचे. एकही जोडीनं जाता कामा नये. वरचा पत्ता वरच ठेवून असं लागोपाठ आठदा केलं की कॅट मूळ क्रमावर येतो. दोन जोकर आत राहिले, तर आठाऐवजी ५२ वेळा करावं लागतं. हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्यातली मजा कळते, बाकीच्यांना मी नुसती पत्ते पिसत बसलेली दिसते.

पूर्वी मी याचं उत्तर म्हणून इतिहास सांगायचे. फारो हा मुळात जुगाराचा खेळ. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत तो जोरात चालायचा. प्रत्येक डावात दोन पत्ते निघायचे, एक बँकेचा, दुसरा खेळणाऱ्यांचा. दोन्ही एकाच किमतीचे निघाले, म्हणजे सत्तीवर सत्ती आली, की त्या पत्त्यावर लावलेल्या पैशातले निम्मे बँक ठेवून घ्यायची. मग वाटणाऱ्याला जोड्या हव्याशा वाटणारच. दोन अर्ध्यांमध्ये सारख्या उंचीवर बसलेले पत्ते असं गुंफलं की शेजारी शेजारी येतात. १८९४ साली जॉन नेव्हिल मॅस्केलिन या इंग्रज जादूगारानं पत्तेचोरांच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक लिहिलं, त्यात हे पिसणं आहे. पुढे तो खेळ मागे पडला, पिसण्याला त्याचं नाव तेवढं चिकटून राहिलं.

मग १९५७ साली ॲलेक्स एल्म्सली या जादूगारानं या पिसण्याचं गणित मांडलं. वरचा पत्ता वरच राहिला तर ‘आउट’, दुसऱ्या जागी गेला तर ‘इन’ ही नावं त्यानं दिली. वरचा पत्ता हव्या त्या जागी न्यायचा असेल तर त्याच्यावर जितके पत्ते हवेत तो आकडा द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, लिहायचा. एक असेल तिथे इन, शून्य असेल तिथे आउट. पुढच्याच वर्षी एड मार्लो या पत्त्यांच्या जादूगाराचं फारोवरचं पुस्तक आलं. १९८३ मध्ये पर्सी डायकोनिस, रॉन ग्रॅहम आणि विल्यम कॅंटर या गणितज्ञांनी यावर शोधनिबंध लिहिला. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या नावाजलेल्या जादूगाराबरोबर जादू शिकत हिंडला होता, हे मी हमखास सांगायचे.

आणि शेवटी म्हणायचे की लबाडांच्या हातातली गोष्ट प्रामाणिक माणसांनी सोडवून आणली, मला तिच्या बाजूनं उभं राहायचंय. ऐकायला छान वाटायचं. आज ते वाक्य मला खटकतं. एक तर मधल्या काळात ती कुठे हरवलेली नव्हती. १९४० साली ह्यूगार्ड आणि ब्राउ यांच्या पत्त्यांच्या तंत्रावरच्या ग्रंथात परिपूर्ण फारोवर आख्खं प्रकरण आहे. आणि दुसरं म्हणजे त्या वाक्यातली ‘प्रामाणिक माणसं’ मी स्वतःला धरून म्हणत होते.

तो प्रसंग आता सांगते. आजवर कुणाला सांगितला नाही.

घरगुती कार्यक्रम होता, दहाबारा माणसं. मी नवा कॅट उलगडून दाखवला. एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग ओळीत, शेवटी चौकट. म्हटलं, मी आठदा पिसणार, काहीही लपवणार नाही, आणि पत्ते आपणहून घरी परत येतील. अगदी पुढे एक आठनऊ वर्षांची मुलगी बसली होती. टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून, म्हणजे तिचे डोळे बरोबर पत्त्यांच्या कडांच्या उंचीवर. मोठ्यांना वरून नुसती पाठ दिसत होती. वीण दिसत होती ती तिला एकटीला.

सहाव्या वेळी ती म्हणाली, “इथे दोन एकदम गेले.”

मी थांबायला हवं होतं. गुंफलेले पत्ते अजून पूर्ण आत ढकलले नव्हते, उलगडून पुन्हा करता आलं असतं. मी म्हणाले, “नाही गं, तसं वाटतं,” आणि ढकलले. सातवी. आठवी. कॅट पसरला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या, कारण चौकटच्या ओळीत छक्कीच्या जागी दश्शी होती आणि दश्शीच्या जागी छक्की. बाकी पन्नास जागच्या जागी.

मी त्या मुलीकडे बघून म्हणाले, “तू टेबल हलवलंस ना मघाशी, म्हणून.”

तिनं हनुवटी उचलली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मागे सरकून बसली. काही बोलली नाही. तिच्या आईनं तिच्या दंडाला धरून हळूच म्हटलं, “सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही.” हातही लावला नव्हता तिनं.

तुम्ही म्हणाल, अशा वेळी कुणाच्याही तोंडून जातं. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगितलं. घाबरले होते, लोक बघत होते, वगैरे. पण त्या रात्री मी हिशेब केला. एका फारोत दोन पत्ते जोडीनं गेले आणि पुढची वीण सरळ राहिली, तर फक्त दोन शेजारी पत्त्यांची अदलाबदल होते. पुढच्या प्रत्येक आउट फारोत त्यांच्यातलं अंतर दुप्पट होतं. आठव्या वेळी चुकलं असतं तर ते दोघे शेजारीच राहिले असते. सातव्या वेळी असतं तर दोन घरांचं अंतर पडलं असतं. छक्की ते दश्शी, चार घरं. म्हणजे सहावी वेळ. बरोबर ती बोलली तीच.

खरं तर हिशेबाचीही गरज नव्हती. दोन पत्ते एकदम घसरतात तेव्हा अंगठ्याला किंचित जाड लागतं. मला ते लागलं होतं, ती बोलायच्या आधी.

खोटं पिसलं असतं तर हे झालंच नसतं, हे तुमचं म्हणणं इथे पुन्हा बरोबर ठरतं. मी हातानं खोटं करायचं टाळलं आणि तोंडानं खोटं बोलले, तेही एका लहान मुलीवर ढकलून. मग हट्ट सोडला का नाही? सोडला होता. वर्षभर फक्त खोटं पिसून कार्यक्रम केले. चांगले झाले, चुका झाल्या नाहीत. पण माझी चूक कुठे झाली हे सांगेल असं त्यात काहीच नव्हतं. खोट्या पिसण्यात गडबड झाली तर नुसती गडबड होते, तिचा माग राहत नाही. फारो शेवटपर्यंत तो माग जपून ठेवते. हे मला हवंय की ही मी स्वतःला दिलेली शिक्षा आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलीची माफी मागायची राहिली ती राहिलीच. ते घर सोडून कुटुंब कुठे गेलं, मी वेळेवर चौकशी केली नाही.

आता लोकांसमोर फारो करताना कॅट टेबलाच्या कडेजवळ, कुणालाही बाजूनं बघता येईल असा धरते. “दोन एकदम गेले” असं कुणी म्हटलं की उलगडते आणि पुन्हा करते. एकदोनदा कुणी म्हटलंही, आणि त्यांचं चुकलेलं होतं, तरी उलगडलं. घरी मात्र रोज आठ वेळा करते आणि अंगठ्याला जाड लागलं तरी थांबत नाही. शेवटी पसरते आणि जागा चुकलेल्या दोघांमधली घरं मोजते.

काल आठ होती. पाचवी वेळ.