तुम्ही विचारलंत म्हणून: टीमसाठी नोशन की कॉन्फ्लुअन्स?

"टीमची माहिती एका जागी ठेवायची आहे. नोशन घेऊ, कॉन्फ्लुअन्स घेऊ, की आपल्याच सर्व्हरवर काही बसवू?" नोशन आणि कॉन्फ्लुअन्स म्हणजे टीमची पानं एकत्र लिहून ठेवायची ऑनलाइन टूलं. प्रश्न एका ओळीचा, उत्तरही एका ओळीत हवं. किमतींचे तक्ते तुम्ही पाहिलेले असतातच. मी उलट विचारते: उद्या टूल सोडायचं झालं, तर त्यातून बाहेर कसे पडाल? की समोरचा हिरमुसतो.

मुद्दाम अडवत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये कॉन्फ्लुअन्स बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीनं त्याची सर्व्हर आवृत्ती, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर बसवायची, बंद करायचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या परवान्यांची विक्री थांबली, १५ फेब्रुवारी २०२४ला सपोर्ट संपला. त्या दिवशी विकी, म्हणजे टीमनं मिळून लिहिलेली ती पानं, बंद पडली नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, आणि इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरसाठी ते पुरेसं वाईट. मग तेव्हा क्लाउडवर जायचं, नाहीतर मोठ्या संस्थांसाठीची डेटा सेंटर आवृत्ती घ्यायची. तिचा सर्वांत लहान टप्पा ५०० वापरकर्त्यांचा होता. चाळीस जणांच्या टीमनं पाचशेंचे पैसे भरायचे. तिसरी वाट म्हणजे बाडबिस्तरा घेऊन दुसरीकडे जाणं, आणि खरा घोळ तिथेच. एचटीएमएल एक्स्पोर्टमध्ये मजकूर येतो, पण मॅक्रो, म्हणजे पानात आपोआप माहिती भरणारे तुकडे, जिवंत येत नाहीत. जिरातल्या (ॲटलासियनचंच कामांची नोंद ठेवायचं टूल) तिकिटांची आपोआप बदलणारी यादी तिथल्या तिथे गोठते. कुठलं पान कुणाला दिसायचं, ती परवानगीही मागेच राहते. पगाराची पानं नव्या जागी सगळ्यांना उघडी, हे अशाच वेळी होतं.

नोशनचं वेगळं. मार्कडाउन (साध्या टेक्स्टमधली पानं) आणि सीएसव्ही (साध्या टेक्स्टमधले तक्ते) मिळतात, पण प्रत्येक फाइलच्या नावामागे ३२ अक्षरांचं शेपूट लागतं. डेटाबेसची सीएसव्ही होते. त्यावर रचलेले व्ह्यू (त्याच माहितीच्या वेगवेगळ्या मांडण्या) आणि फिल्टर गळतात, सूत्रांच्या जागी नुसती उत्तरं उरतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात तीस खरी पानं भरा: दोन मोठे तक्ते, दहा चित्रं, पानांमधले आपसातले दुवे, एखादी पीडीएफ. एक्स्पोर्ट काढा, झिप दुसऱ्या टूलमध्ये उघडा, तुटलेले दुवे मोजा. अर्ध्या दिवसाचं काम. कुणी करत नाही.

आपल्याच सर्व्हरवर बसवायचं असेल, तर पूर्वी मी डोळे मिटून डोकूविकी हे टूल सांगायचे. पानं म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली, डेटाबेस नाही, फोल्डर उचलला की बॅकअप. बाहेर पडण्यापुरतं ते अजूनही खरं आहे. पण तिथे लिहिणार कोण, हे मी तेव्हा धरलंच नव्हतं. अकाउंट्सवाले मांडणीची चिन्हं शिकत बसत नाहीत. वर्डमध्ये लिहून फाइल चिकटवतात. आणि मूळ डोकूविकीचा शोध चिकटवलेल्या फाइलींच्या आत शिरत नाही. माहिती आहे, पण सापडत नाही.

शोधाचं मराठीत आणखी एक दुखणं आहे. 'रजा' टाकलं की 'रजेचा अर्ज' येत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो आणि बहुतेक टूलांना ते कळत नाही. उपाय गावठी आहे, पण चालतो: शीर्षकात मूळ रूप घ्या आणि पानाच्या तळाशी 'रजा, रजेचा, सुट्टी, लीव्ह' अशी ओळ टाका. मग ग्रुपवर महिन्याभरात विचारलेले वीस प्रश्न काढून नव्या माणसाला शोधायला द्या. बारांची उत्तरं मिळाली नाहीत, तर टूल बदलण्याआधी शीर्षकं बदला.

आज विचारलंत तर बुकस्टॅक म्हणेन, तेही आपल्याच सर्व्हरवर बसवायचं. शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी ठरलेली रचना आणि वर्डसारखा एडिटर; अकाउंट्सवालेही लिहितात. पण ते पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर चालतं, आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. अपडेट तोच करणार, बॅकअप तोच काढणार. त्यानं नोकरी सोडली की? त्या दिवशी नोशनवाले मला हसतील, आणि त्यांचं अगदीच चूक नसेल.