एकाच आडनावाची दोन घरं

दुर्मिळ आडनाव म्हणजे नातं पक्कं, असा लोकांचा ठाम समज असतो. नोवाकला नोवाक भेटला तर कुणी गळ्यात पडत नाही. पोलंडमध्ये दोन लाखांच्या घरात नोवाक आहेत, कुणाकुणाच्या गळ्यात पडणार? पण ज्याचं आडनाव अख्ख्या देशात मोजक्या घरांत आहे, त्याला परगावी एखाद्या दारावर तेच आडनाव दिसलं की तो बेल वाजवतोच. आमची बरीचशी गिऱ्हाइकं अशी बेल वाजवून झाल्यावरच आमच्याकडे येतात.

मी वॉर्सात वंशावळ शोधून देणाऱ्या एका छोट्या कचेरीत काम करते. पुण्यात रशियन शिकले आणि त्याच जोरावर इथे टिकले. रशियन कशाला, असं नातेवाईक अजून विचारतात. झारच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये 1868 पासून चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या रशियनमध्ये ठेवायची सक्ती झाली आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. त्याआधीच्या वह्या पोलिशमध्ये, त्याआधीच्या लॅटिनमध्ये. म्हणजे आजोबा पोलिश, पणजोबा रशियन आणि खापरपणजोबा पुन्हा पोलिश. माणसं हललेली नसतात, फक्त लेखणी बदललेली असते. आजच्या पोलिश तरुणांना ती रशियन हस्तलिपी वाचता येत नाही. मला येते, म्हणून माझी चूल पेटते.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते मात्र कोल्हापूरमुळे. इंग्लंडातल्या एका साठी उलटलेल्या बाईंनी वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत पाठवली होती. दाखल्यावर गावाचं नाव होतं वळिवडे-कोल्हापूर. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हे तुमच्याकडचं दिसतंय. आमच्याकडचंच होतं. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला 5000 च्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. कोल्हापूरकरांना हे माहीत असतं, पुणेकरांना नसतं.

बाईंचे वडील तिथे आईबरोबर आले तेव्हा शाळकरी वयाचे होते. त्यापूर्वीची कहाणी वळिवड्याच्या बऱ्याच घरांची असते तशीच. 10 फेब्रुवारी 1940 च्या रात्री सोव्हिएत शिपाई दारात, मग मालगाडी, उत्तर रशियातलं अर्खांगेल्स्कचं जंगल. 1941 च्या जुलैत पोलिश आणि सोव्हिएत सरकारांचा करार झाल्यावर सुटका. 1942 मध्ये इराण, मग कराची, मग कोल्हापूर. एवढं बाईंना ठाऊक होतं. त्यांना हवं होतं वेगळंच. पोलंडमध्ये क्येल्त्सेच्या बाजूला त्यांच्याच आडनावाचे एक निवृत्त गृहस्थ त्यांना सापडले होते. पत्रं झाली, भेट झाली, दोघांची नाकंसुद्धा सारखी निघाली. आता फक्त नातं नेमकं काय लागतं ते कागदावर हवं होतं, चुलत, की चुलत-चुलत.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. इतक्या कमी घरांत आहे की आडनाव लिहिलं तर पत्ताच दिल्यासारखं होईल. एवढं सांगते की शेवटी ‘स्की’ आहे, म्हणजे गावावरून पडलेलं, आपल्या ‘कर’सारखं. आणि सुरुवातीला ‘ग’ आहे. ‘स्की’ म्हटलं की गिऱ्हाईक लगेच विचारतं, आमचं सरदार घराणं का हो? कुलचिन्ह मिळेल का? सरदारांची आडनावं अशी होती हे खरं, पण नंतर शेतकरी, सुतार, कुंभार सगळ्यांनीच ‘स्की’ लावलं. हे समजावण्यात माझा जेवढा वेळ जातो तेवढ्यात एका अख्ख्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वह्या वाचून होतील.

आडनाव कुठे किती आहे हे पाहण्याचा सरकारी मार्ग म्हणजे पेसेल, पोलंडच्या नागरिकांची नोंदणी. त्यातली आडनावांची यादी सरकारच उघड करतं, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, कारण नवरा ‘स्की’ आणि बायको ‘स्का’. हौशी माणूस एकच यादी बघतो आणि आपलं आडनाव आहे त्याच्या निम्मं करून टाकतो. पण मला खरा जीव लावतो तो काझिमिएश रिमुत यांचा कोश. 1992 ते 1994 दरम्यान क्राकोमध्ये निघालेले 10 खंड. प्रत्येक आडनावापुढे ते कोणत्या प्रांतात किती जणांचं आहे याचे आकडे, बाकी एक शब्द नाही. लोकांना कंटाळवाणा वाटतो. पण तो छापला तेव्हा पोलंडचे 49 छोटे प्रांत होते, आज 16 मोठे आहेत. दुर्मिळ आडनाव शोधताना जुनी बारीक चाळण बरी पडते. नव्या नकाशात नुसता एक डाग दिसतो, जुन्यात गाव हाताशी येतं.

त्या कोशातच मला पहिली शंका आली. एका गावावरून पडलेलं, एका मुळाचं दुर्मिळ आडनाव असेल तर त्याची एक गाठ दिसायला हवी आणि तिच्याभोवती विरळ शिंतोडे. पश्चिमेकडचे शिंतोडे मी धरतच नाही, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि पूर्वेकडची माणसं उचलून तिकडे वसवली गेली. ते वजा केल्यावर इथे दोन गाठी उरत होत्या. एक शेद्ल्त्सेजवळ, दुसरी क्येल्त्सेजवळ. मध्ये चांगलं दीड-दोनशे किलोमीटरचं अंतर आणि त्या अंतरात एकही माणूस नाही. साहेब म्हणाले, कुणीतरी घोड्यावर बसून गेला असेल. साहेबांना अहवाल महिनाअखेरीला हवा होता.

बाईंचं घराणं वोविनचं, आजच्या युक्रेनमधलं, अशी घरात समजूत होती. पण 10 फेब्रुवारीच्या पहिल्या लाटेत उचलले गेलेले बरेचसे लोक होते ‘ओसादनिक’. 1920 च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने माजी सैनिकांना पूर्वेकडे जमिनी दिल्या, ते हे लोक. तिथे ते मूळचे नव्हतेच. म्हणजे आजोबांची सैनिकी फाइल गाठणं आलं. ती वॉर्साच्या रेम्बेर्तूफ भागातल्या लष्करी अभिलेखागारात निघाली.

ही फाइल मी अजून विसरलेले नाही. जाडजूड काही नव्हती. आत भरतीचा 1919 चा अर्ज होता आणि खाली आजोबांची सही. शिकलेल्या माणसाची नव्हे, प्रत्येक अक्षर वेगळं उचलून ठेवलेलं. पहिलं अक्षर ‘ह’. त्यानंतर 1921 चा जन्मदाखल्याचा उतारा, जमिनीच्या मागणीसाठी काढलेला. मूळ नोंद रशियन, कुणीतरी तिचं पोलिश करून दिलेलं. त्यात पहिलं अक्षर ‘ग’. आणि मग जमिनीचे कागद, तिथे आजोबांची सही पुन्हा. तेच थरथरतं वळण, तेच उचलून ठेवणं, पण सुरुवात ‘ग’ने. त्या एका अक्षरावर शाई जास्त दाटलेली होती, पेन टेकवून थांबल्यासारखी.

काय झालं हे रशियन येणाऱ्याला लगेच कळतं. रशियनमध्ये ‘ह’ असा नाहीच. जुन्या रिवाजाप्रमाणे परक्या भाषेतला ‘ह’ ते ‘ग’ने लिहितात, आपला हिमालय तिकडे ‘गिमालाई’ होतो. म्हणजे चर्चच्या पाद्र्याने हुकमाप्रमाणे ‘ह’चा ‘ग’ केला. पुढे पोलंड स्वतंत्र झाला आणि उतारा काढणाऱ्याने त्या ‘ग’चा पोलिश ‘ग’ केला. जाताना एक दार, येताना दुसरं. या ये-जामध्ये इतरही बरंच हरवतं. पोलिशमध्ये ‘झ’सारखा एकच आवाज दोन तऱ्हांनी लिहितात, ‘ऊ’सुद्धा दोन तऱ्हांनी, आणि नाकातल्या स्वरांना शेपटी असते. रशियनमध्ये हे भेद अनेकदा पुसले जातात, मग परत येताना कारकून अंदाजाने लिहितो. आज दुर्मिळ म्हणून मिरवणारी कितीतरी आडनावं म्हणजे एखाद्या साध्या, घरोघरच्या आडनावाचं बिघडलेलं लिखाण असतं. गंमत अशी की वोविनमधले युक्रेनी शेजारी तेच ‘ग’ दिसणारं अक्षर ‘ह’ म्हणून वाचतात. तेव्हा गावात आजोबांना बहुधा बरोबर हाक मारत असतील. चुकला फक्त कागद.

आणि आजोबांनी कागद दुरुस्त केला नाही, सही दुरुस्त केली. यावर ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. सातबाऱ्यावर नाव चुकलं की तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते मी माझ्या आजोळी पाहिलंय. जमीन ज्या नावावर मिळते ते आपलं नाव.

पुढे शेद्ल्त्सेजवळचं मूळ पॅरिश. 5/17 मार्च 1896. रशियन वह्यांत तारखा अशा जोडीने असतात, आधी झारच्या कॅलेंडरची, मग युरोपच्या. नोंद ठरलेल्या साच्यातली: दुपारी अमुक वाजता शेतकरी अमुक, वय इतकं, दोन साक्षीदारांसह जातीने हजर झाला, पुल्लिंगी बालक दाखवलं. आणि शेवटी, ही नोंद हजर असलेल्यांना वाचून दाखवली, ते निरक्षर असल्याने केवळ आम्ही सही केली. आपलं नाव काय लिहिलंय हे बापाला दिसलं, पण वाचता आलं नाही. काही चांगले पाद्री आडनावापुढे कंसात पोलिश रूपही लिहून ठेवत. असा पाद्री भेटला की मला त्याच्या थडग्यावर फूल ठेवावंसं वाटतं. इथला तसा नव्हता. पण 1868 च्या आधीच्या पोलिश वह्या सलग होत्या आणि त्यांत पणजोबा, खापरपणजोबा सगळे ‘ह’.

आता दुसरं घर. क्येल्त्सेच्या गृहस्थांनी स्वतःच्या आजोबांचे कागद बाईंकडे विश्वासाने दिले होते, बाईंनी आमच्याकडे. तिथला पाद्री मात्र देवमाणूस. रशियन नोंदीत ‘ग’ आणि कंसात सुवाच्य पोलिश ‘ह’. हा कंस 1919 च्या लग्नाच्या नोंदीत उतरवणाऱ्याने पाहिलाच नाही. म्हणजे तीच चूक, जवळपास त्याच काळात, दुसऱ्या हाताने, दीड-दोनशे किलोमीटरवर. दोन वेगळ्या कारकुनांनी मिळून एक दुर्मिळ आडनाव तयार केलं आणि त्याला दोन घरं दिली.

मग ‘ह’वालेच एकमेकांचे कोण? ते आडनाव मुळीच दुर्मिळ नाही, आणि ज्या गावावरून ते पडतं त्या नावाची गावं दोन्हीकडे आहेत. दोन्ही घराण्यांच्या नोंदी मी 1810 च्या सुमारापर्यंत मागे नेल्या. कुठेही गाठ पडत नाही. लग्नात साक्षीदार नाही, बारशाला धर्मपिता-धर्ममाता नाहीत. त्यामागच्या लॅटिन वह्या एका बाजूच्या जळाल्या आहेत. ऑफिसातल्या ज्येष्ठ बाई, ज्यांना सगळे ‘पानी डॉक्टर’ म्हणतात (पोलिशमध्ये ‘पानी’ म्हणजे बाई), त्यांनी माझं सगळं पुन्हा तपासलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘नातं नाही असं लिहू नकोस. नातं आढळलं नाही, असं लिही.’’ त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं घेतलं. साहेबांनी त्याच्या वर पहिल्या पानावर आडनावाचा रंगीत नकाशा टाकायला लावला, गिऱ्हाइकांना आवडतो म्हणून. दोन ठिपक्यांचा तो नकाशा पाहून कुणालाही वाटेल, नातं सापडलं.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. पैसे पाठवले आहेत, काम नीट झालं आहे. शेवटी विचारलं होतं की जुनं ‘ह’ परत लावता येतं का. अर्ज करता येतो, पोलिश नागरिक असाल तर, नाव बदलण्याचा 2008 चा कायदा आहे, असं मी कळवलं. त्यावर काही आलं नाही. डीएनए चाचणीचा पर्याय आम्ही अहवालात दिला होता, त्याबद्दलही काही नाही. मला सारखं वाटत राहिलं की त्यांनी क्येल्त्सेला काय सांगितलं असेल.

ते मागच्या आठवड्यात कळलं. गृहस्थांचा फोन आला, आवाज खणखणीत. ‘‘पानी, तुम्ही फार सुंदर काम केलंत. बहिणीने सांगितलं, अहवाल आला, सगळं छान आहे.’’ आता त्यांना स्वतःची वंशावळ करून हवी आहे, चौकटीत लावण्यासारखी, मधोमध दोन्ही फांद्या जुळलेल्या. नातवाच्या लग्नात द्यायची आहे. पैशाची काळजी करू नका म्हणाले.

बाईंचा अहवाल बाईंचा आहे. त्यातलं अक्षरही मी गृहस्थांना सांगू शकत नाही, करारात तसं कलम आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांचं काम घेतलं तर मला तीच वही उघडावी लागणार, तोच कंस वाचावा लागणार आणि या वेळी तो त्यांच्या नावाने लिहावा लागणार. नाकारलं तर कारण काय द्यायचं? साहेबांना यात अडचणच दिसत नाही. त्यांच्या मते वाचन आधीच झालेलं आहे, म्हणजे काम निम्म्या वेळात होईल आणि दर पूर्णच लावायचा. पानी डॉक्टर म्हणतात, घे, आणि आधी त्यांना ऑफिसात बोलावून चहा पाज, मग वही उघड. मी त्यांना अजून दरपत्रक पाठवलेलं नाही.