बाजाराच्या बाजार

"भाऊ, तेल पावभर द्या. अन् चहापत्ती १० ची."

माझी यादी दुकानात समोरच पडलेली, २२ जिनसांची. तूरडाळ ३ किलोची २ केली, शेंगदाणे खोडले, तरी बेरीज ४,००० च्या पुढेच. आता साबणावर अडले होते.

पावभर तेल मागणाऱ्या काकू शेजारीच उभ्या. बोटांवर बोंडांचे ओरखडे. आज बाजार, म्हणजे आठवड्याच्या कापूसवेचणीचे पैसे हातात आलेले. पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या, आधी मागची उधारी चुकवली, मग तेल घेतलं. माझ्या यादीकडे बघून हसल्या.

"बाई, तुमचा महिना १ तारखेले लागते. आमचं त बाजाराच्या बाजार."

मोठं पाकीट स्वस्त पडतं, हे सांगायला मी तोंड उघडलंच होतं. बरं झालं, मिटलं.

महिन्याचा किराणा हा पगारवाल्यांचा हिशेब. आमच्या घरमालकांचं तर वर्षाचंच गणित: सोयाबीन विकलं की पैसा, तोवर दुकानदाराची वही.

घरी येऊन यादी पुन्हा काढली. शेंगदाणे खोडलेलेच आहेत. तुमच्याकडे किराणा कसा भरता, महिन्याचा की बाजाराच्या बाजार?