उठला म्हणून दोन मिनिटं

शनिवारी सकाळी मॅच आहे, म्हणून आज रात्री मुलाच्या नव्या जर्सीवर लाल अष्टकोनी तुकडा शिवत बसलेय. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, रस्त्यावरच्या पाटीवर असतं तसंच. तो पाठीवर लावायचा, मानेच्या खाली आणि नंबरच्या वर. आमच्या ऑन्टारिओत मुलांच्या हॉकीत हा तुकडा सगळीकडे दिसतो. मागून येणाऱ्या खेळाडूला तो दिसला की त्याने समजायचं, समोरच्याची पाठ आपल्याकडे आहे, आपण त्याला दिसत नाही, आता धक्का द्यायचा नाही. जर्सीचं कापड जाळीदार आणि जाड, तुकडा त्याहून जाड, साधी सुई वाकते. आईने सांगलीहून येताना दिलेली गोधडीची सुई आहे, तिच्यात दुहेरी दोरा ओवून कडेकडेने बारीक टाके घालते. मशीनवर जमत नाही, कोपरे उचकटतात.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. तिकडे वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगते, की पक (चेंडूऐवजी असलेली रबराची चकती) ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने धडक द्यायला या खेळात परवानगी आहे. तिला चेक म्हणतात. मुलांना ती १३-१४ वर्षांच्या गटापासून करता येते. त्याआधीच्या, ११-१२ वर्षांच्या गटातून हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये चेकिंग काढून टाकलं. मागून मारणं, डोक्याला मारणं, काठी आडवी धरून मारणं यांना कुठल्याच वयात परवानगी नाही.

मिरजेला फिजिओथेरपी शिकले, त्यामुळे मुलाच्या टीमने पहिल्याच वर्षी मला ट्रेनर केलं. ट्रेनर म्हणजे कोच नव्हे. बाकाच्या टोकाला बॅग घेऊन उभी राहणारी बाई. कोणी पडला आणि रेफरीने हात केला की बूट घालून, छोटी छोटी पावलं टाकत बर्फावर जायचं, गुडघे टेकायचे आणि विचारायचं: आपण कुठल्या रिंकवर आहोत? कितवा पिरियड चालू आहे? शेवटचा गोल कोणी केला? उत्तर अडखळलं तर मुलगा त्या दिवशी परत खेळणार नाही. ऑन्टारिओत यासाठी २०१८ पासून रोवन्स लॉ आहे. ऑटावाची १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये रग्बी खेळताना डोक्याला मार लागून गेली, तिच्या नावाने झालेला कायदा. त्यामुळे निदान या एका बाबतीत माझ्याशी कोणी हुज्जत घालत नाही.

मुलगा शेजारी बसून फोनवर जुन्या क्लिप बघतोय. टोरोंटोच्या मॉर्गन रायलीचा विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही. फेब्रुवारी २०२४, टोरोंटोची ऑटावाशी मॅच. ऑटावाच्या रिडली ग्रेगने अगदी शेवटी रिकाम्या गोलमध्ये पूर्ण ताकदीने स्लॅप शॉट मारला. तिथे हळूच ढकलला असता तरी पक आत गेला असता. रायलीला तो अपमान वाटला. तो सरळ ग्रेगकडे गेला आणि काठी आडवी धरून त्याच्या डोक्याच्या उंचीवर मारली. एनएचएलने, म्हणजे इथल्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगने, ५ सामन्यांची बंदी घातली. रायलीने कमिशनर गॅरी बेटमनकडे अपील केलं, बंदी कायम राहिली.

“आई, त्या ग्रेगला काही झालंसुद्धा नव्हतं. पाच मॅच!”

“म्हणूनच ती बंदी मला बरोबर वाटते,” मी म्हटलं. त्याला पटलं नाही. टोरोंटोत तेव्हा कोणालाच पटलं नव्हतं.

मला ते का पटतं, हे दोन हिवाळ्यांपूर्वीच्या एका संध्याकाळमुळे. बाहेरगावची टीम होती, नाव घेत नाही. दुसऱ्या पिरियडमध्ये माझा मुलगा बोर्डाजवळ, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीजवळ, पक काढत होता. बोर्डापासून हातभर लांब, म्हणजे सगळ्यांत वाईट जागी. अगदी बोर्डाला चिकटून असलं तर धक्का बोर्ड घेतो. हातभर लांब असलं की माणूस डोकं पुढे करून आदळतो. समोरच्या टीमच्या एका मुलाने मागून येऊन त्याच्या पाठीत, बरोबर त्या लाल तुकड्यावर, दोन्ही हात घातले. हेल्मेट बोर्डावर आपटल्याचा आवाज मला बाकापर्यंत आला. मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात तो उठला. उठून स्केट करत बाकाकडे आला. मी विचारलं, रिंक कुठलं, पिरियड कितवा, गोल कोणाचा. सगळी उत्तरं बरोबर. रेफरीने त्या मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवलं आणि खेळ पुढे सुरू झाला.

मी गप्प बसले. माझं पोर उठलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या पिरियडमध्ये त्याच मुलाने तीच धडक आमच्या दुसऱ्या एका मुलाला दिली. कोपरा दुसरा, बाकी सगळं तेच: पाठ, हातभर अंतर, दोन्ही हात. हा उठला नाही. कुशीवर पडून उजवा हात पोटाशी धरून होता. मी जर्सीच्या गळ्यातून बोटं आत घातली तेव्हा कॉलरबोनचं टोक कातडीखाली वर आलेलं लागलं. आता मात्र रेफरीने पाच मिनिटांचा मेजर, म्हणजे मोठी पेनल्टी, दिला, मॅचमधून बाहेर काढलं, वर रिपोर्ट गेला आणि त्या मुलाला ४ सामने मिळाले. आमच्या पालकांना ते कमी वाटले, त्यांच्या पालकांना जास्त. मला मात्र त्या रात्री गाडी चालवताना एकच दिसत होतं: एका संध्याकाळी एकच गुन्हा दोनदा झाला, आणि पहिल्याची किंमत दोन मिनिटं लागली. पहिल्यालाच त्याला घरी पाठवलं असतं तर दुसऱ्या पोराचं हाड शाबूत राहिलं असतं.

तेव्हापासून मी एनएचएलच्या बंदीच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचते. लोक विचारतात, सामने किती दिले? मी बघते, त्याच्या आधी काय सोडून दिलं होतं?

याचं सगळ्यांत वाईट उदाहरण स्टीव्ह मूरचं. १६ फेब्रुवारी २००४ ला कोलोरॅडोच्या मूरने व्हँकूव्हरचा कॅप्टन मार्कस नॅसलंडला चेक केलं. नॅसलंडच्या डोक्याला मार लागला. पेनल्टी नाही, बंदी नाही. व्हँकूव्हरचे खेळाडू धुमसत राहिले. ८ मार्चला दोन्ही टीम व्हँकूव्हरला समोरासमोर आल्या. पहिल्याच पिरियडमध्ये व्हँकूव्हरच्या मॅट कुकने मूरशी मारामारी करून घेतली. खरं तर हिशेब तिथेच फिटायला हवा होता. तो फिटला नाही. तिसऱ्या पिरियडमध्ये व्हँकूव्हरच्याच टॉड बर्टुझीने मूरच्या मागे मागे जाऊन, जर्सी ओढून, मागून डोक्यावर ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर पडत त्याला तोंडावर बर्फात दाबलं. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो २५ वर्षांचा होता, नंतर एनएचएलमध्ये एकदाही खेळला नाही. बर्टुझीचे त्या मोसमातले उरलेले १३ आणि प्लेऑफचे (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचे) ७, असे २० सामने गेले, सुमारे ५ लाख डॉलर पगार बुडाला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, पण तुरुंगवास झाला नाही. पुढच्या वर्षी लीगचा मोसमच कामबंदीत वाहून गेला, आणि २००५ मध्ये बर्टुझी परत खेळायला आला. मूरचा नुकसानभरपाईचा दावा मात्र २०१४ मध्ये तडजोड होईपर्यंत चालला.

२० सामने कमी होते, हे कोणीही म्हणेल. मीही म्हणते. पण १६ फेब्रुवारीला लीगने त्या चेकचं काही केलं असतं, दोन सामने जरी, तरी व्हँकूव्हरच्या बाकावर कोणाला हिशेब फेडायची गरज उरली नसती. रेफरीने न दिलेली शिक्षा खेळाडू देतात, आणि खेळाडूंच्या हातात वजनकाटा नसतो.

त्या रात्रीचा तो मॅट कुक लक्षात ठेवा. सहा वर्षांनी, ७ मार्च २०१० ला, तो पिट्सबर्गकडून खेळत होता. बोस्टनच्या मार्क सव्हार्डने पक मारून झाल्यावर कुकने बाजूने येऊन खांदा थेट त्याच्या डोक्यावर घातला. बंदी शून्य. कारण काय, तर खांद्याने डोक्याला मारू नये असं नियमात कुठे लिहिलेलंच नव्हतं! लीगने त्याच महिन्यात, मोसम चालू असतानाच, नियम केला. सव्हार्ड परत आला, जानेवारी २०११ मध्ये त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याचं करिअर तिथेच संपलं.

आणि कुक? मार्च २०११ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या रायन मॅकडोनाच्या डोक्यात कोपर घातलं. या वेळी उरलेले १० सामने आणि वर प्लेऑफची अख्खी पहिली फेरी. त्याच्या स्वतःच्या टीमनेही त्याची बाजू घेतली नाही. आता आकडे बघा. त्या मोसमात त्याची पेनल्टीची मिनिटं १२९ होती. पुढच्या मोसमात, सगळे ८२ सामने खेळून, ४४. गोल १२ वरून १९ झाले. म्हणजे त्याला आवरता येत होतं. सव्हार्डच्या आधीही येत असणार. २०१४ मध्ये त्याने टायसन बॅरीच्या गुडघ्यावर धडक घातली आणि ७ सामने बसला, तेव्हा तो साधू झाला असं मी म्हणत नाही. पण खेळाडूला समजत नाही, वेग फार असतो, क्षणात होऊन जातं, हे जे टीव्हीवर माजी खेळाडू सांगत असतात, त्याला कुकचं ते एक वर्ष पुरेसं उत्तर आहे.

दुखापत बघून शिक्षा ठरते म्हणावं, तर लीगला तेही धड जमत नाही. मे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या, खाली पडलेल्या पावेल बुचनेविचला ठोसा मारला, मग त्यांच्याच हेल्मेट नसलेल्या आर्टेमी पनारिनला बर्फावर आपटलं. पनारिनचा मोसम संपला. विल्सनला ५,००० डॉलर दंड, आणि तोही फक्त बुचनेविचबद्दल. न्यूयॉर्क रेंजर्सने पत्रक काढून शिक्षा ठरवणाऱ्या जॉर्ज पॅरोसला या कामाला नालायक ठरवलं, तर त्या पत्रकाला दंड झाला २,५०,००० डॉलर. दोन दिवसांनी त्याच टीम परत भेटल्या, आणि मॅच सुरू करायला पक पडताक्षणी एकाच वेळी तीन मारामाऱ्या सुरू झाल्या. २००४ पासून काय शिकलो आपण?

एक गोष्ट लीगने चांगली केली, ती कबूल करते. २०११ मध्ये खेळाडूंच्या सुरक्षेचा वेगळा विभाग काढला. त्याचा पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन प्रत्येक बंदीचा व्हिडिओ काढून, क्षण थांबवून थांबवून, शिक्षा का दिली ते समजावून सांगायचा. ती प्रथा अजून आहे. मी ते व्हिडिओ टीमच्या मुलांना दाखवते. एका ठिकाणी मात्र दरवेळी अडते: शेवटी शेवटी वाक्य येतं की या धडकेत अमुक खेळाडू जखमी झाला. आधीच्या शिक्षा मोजा, हेतू बघा, पाठ दिसत होती का, डोकं टाळता आलं असतं का ते बघा. पण हाड मोडलं की नाही हे धडक देणाऱ्याच्या हातात नसतं. ते समोरच्याच्या नशिबावर आणि बोर्डापासूनच्या अंतरावर असतं. त्याच्या हातात एवढंच असतं, की पाठ दिसली तेव्हा हात आवरायचे की नाही.

मुलाला हे सगळं सांगून झालं. तो म्हणाला, “मग मला मारलं तेव्हा तू रेफरीला का नाही बोललीस?” ट्रेनरला रेफरीशी बोलता येत नाही, हे खरं आहे. पण मी कोचला सांगू शकले असते, कोच बोलला असता. मी त्याला तसंच सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही, फोन ठेवून जर्सीचं टोक ताणून धरलं, म्हणजे मला शेवटचा कोपरा शिवता यावा.

कॉलरबोन मोडलेला मुलगा दोन महिन्यांनी खेळायला आला. डॉक्टरांचा कागद माझ्याकडे दिला, मी हात वर, बाजूला, मागे फिरवून बघितला, सगळं ठीक होतं. पहिल्याच शिफ्टला, म्हणजे बर्फावर उतरायच्या पहिल्याच पाळीला, पक कोपऱ्यात गेला आणि तो सगळ्यांच्या आधी पोहोचला. पूर्वी तो सरळ पकवर झेप घ्यायचा. त्या दिवशी त्याने आधी मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एकाने येऊन पक नेला.