पत्रांची नोंद, महिना पाचवा: आधी ता.क. वाचा

दिवाळीपर्यंत जुना गठ्ठा संपवतो, असं मागच्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं. नाही संपला. 214 पत्रं चढवून झाली, अजून एक खोकं टेबलाखाली आहे आणि शनिवार आठवड्यातून एकदाच येतो.

नव्यांसाठी: आम्ही चौघं-पाचजण पुण्यात, कैद्यांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका गटासाठी, तुरुंगातून आलेली पत्रं वाचून नोंदवहीत चढवतो. सल्ला देणं वकिलांचं काम. योग्य पत्र वेळेत त्यांच्या हातात पडावं, इतकंच आपलं.

या महिन्यातला घोळ माझाच. अक्षर ओळखण्याचा मला भारी अभिमान. सात पत्रांत तेच गोलाकार अक्षर, 'ळ'ची तीच लांब शेपटी. नावं वेगळी होती, पण एकाच केसमधले सहआरोपी असतील असं धरून सगळी एका फाइलीत लावली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, खाली अंगठे बघा की." सात अंगठे, सात माणसं. बराकीत लिहिता येणारा एक, बाकीचे त्याच्याकडून लिहून घेतात. त्यातल्या एकाचं पत्र तीन आठवडे भलत्याच्या फाइलीत पडून राहिलं. आता 'पत्र कोणाचं' आणि 'अक्षर कोणाचं' असे दोन रकाने आहेत.

दुसरं म्हणजे ता.क. पत्र सुरू होतं 'सा.न.वि.वि., पत्र लिहिण्यास कारण की', आणि पुढे पानभर साहेबांची ख्यालीखुशाली, देवाची कृपा, घरची आठवण. कारण येतं शेवटी, आंतरदेशीयच्या डिंक लावलेल्या घडीवर, बारीक अक्षरात. मी एकदा घाईत सुरीने नेमकी तीच ओळ कापली. दोन्ही तुकडे जुळवल्यावर कळलं: आईचं ऑपरेशन आहे, रजा हवी. नुसतं 'रजा' लिहिलं असेल तर कारण बघायचं. आईच्या आजारपणासाठी असेल तर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. संचित रजा म्हणजे फर्लो, ती वेगळी. आता पत्र उघडण्याआधी उजेडासमोर धरतो आणि वाचायला ता.क.पासून सुरुवात करतो.

न्यायाधीन बंद्यांच्या, म्हणजे खटला अजून निकालात न निघालेल्यांच्या, पत्रांत सध्या 'मला 479 लागतं का' हा प्रश्न फार येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम 1 जुलै 2024पासून आहे. याआधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर, आणि इतरांनी निम्मा काढला असेल तर, सुटकेचा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. म्हणून अटकेची तारीख, कलमं आणि 'आधी कधी दोषी ठरला होता का' हे तीन रकाने न चुकता भरा. चौथा रकाना 'दुसरी केस आहे का'. मी तो आधी ठेवलाच नव्हता. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर याच कलमाची वाट बंद होते, आणि ही गोष्ट पत्र लिहिणारा सहसा आपणहून सांगत नाही. विचारावी लागते.

गंजलेल्या टाचण्या काढायला नखं वापरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन सांगतोय. नेलकटरचं टोक बरं.

खोक्यात तळाशी कन्नडमधली अकरा पत्रं आहेत, बहुधा सीमेकडच्या कोणाची. मला फक्त तारखा लागल्या. अकरापैकी चारांवर ता.क.सारखं काहीतरी कडेला लिहिलंय. कन्नड वाचणारं कोणी शनिवारी दोन तास येऊ शकेल का?