चोवीस म्हाताऱ्यांची दिंडी

पोर्तोमारीनला पोचले तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटला होता. सारियाहून सकाळी निघालो होतो, २२ किलोमीटर झाले होते. स्पेनमधलं सांतियागो हे ख्रिस्ती लोकांचं तीर्थक्षेत्र; तिथं पायी जाणारे बरेच जण सारियाहूनच सुरुवात करतात, कारण प्रमाणपत्र हवं तर शेवटचे १०० किलोमीटर चालावेच लागतात. वाटेतल्या चर्चमध्ये, खानावळीत शिक्के मारून घ्यायचे. देहू ते पंढरपूर दोनदा चाललेल्या मला हे शिक्क्यांचं प्रकरण जरा सरकारीच वाटलं.

मीन्यो नदीवरचा उंच पूल, मग दमछाक करणाऱ्या पायऱ्या, आणि वर गावाच्या मधोमध चर्च. चर्च कसलं, गढीच ती. सरळसोट भिंती, माथ्यावर किल्ल्यासारख्या चऱ्या. सेंट जॉनच्या पंथाचे लोक यात्रेकरूंची सेवाही करत आणि तलवारही चालवत. त्यांचं हे देऊळ, त्यामुळे देव आणि तटबंदी एकाच भिंतीत.

त्या भिंतीला टेकून मी बूट काढला, तर नाकासमोर दगडावर आकडा. शेजारच्या दगडावरही. भाचा माद्रिदला असतो, त्याला ठाऊक होतं. "मावशी, जुनं गाव खाली नदीकाठी होतं. धरणात गेलं." १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेलेसार धरणाचं पाणी चढायच्या आधी हे अख्खं चर्च दगड दगड सुटं केलं, नंबर घातले आणि टेकडीवर पुन्हा रचलं. मला पळसदेव आठवलं. उजनीचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ दिसायला लागतं, आणि इंदापूरच्या मुक्कामात कुणीतरी ती गोष्ट काढतंच. ते तिथंच राहिलं. इथं गावाबरोबर देऊळही डोंगर चढलं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पश्चिमेच्या दारावर मधे येशू आणि भोवतीच्या कमानीत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले चोवीस म्हातारे, प्रत्येकाजवळ वाद्य. झिजून चेहरे सपाट झालेत. मी बोटानं मोजले. बरोबर २४.

पुढचे दिवस निलगिरीची झाडं, पाऊस आणि भेटेल त्याचं "बुएन कामीनो", म्हणजे "यात्रा सुखाची होवो". मोंते दो गोसोच्या टेकडीवरून सांतियागोच्या कॅथेड्रलचे, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचे, मनोरे पहिल्यांदा दिसतात. वेळापूरला धावा होतो तसं पळावंसं वाटलं, पण टाच!

सांतियागोच्या चौकात सगळे फोटो काढतात तो कॅथेड्रलचा दर्शनी भाग १८ व्या शतकातला. खरा ऐवज त्याच्या पाठीमागे आहे. मास्टर मातेओ या शिल्पकाराचं हे महाद्वार, त्याच्या तुळईवर ११८८ साल कोरलंय. तिकीट काढून, ठरावीक वेळच आत सोडतात. मूर्तींवर अजून रंग शिल्लक आहे. आपण समजतो, जुना युरोप म्हणजे करडा दगड. छे, हे तर आपल्या गावच्या जत्रेइतकं रंगीत असणार.

मधल्या संगमरवरी खांबावर शेकडो वर्षं यात्रेकरूंनी हात टेकलाय, पाच बोटांच्या खाचा पडल्यात. माझा हात आपसूक पुढं गेला. "मावशी, आता लावू देत नाहीत," भाचा पुटपुटला. पदस्पर्शाला आले आणि मुखदर्शनावर भागवलं. त्याच खांबाच्या पायाशी, मागच्या बाजूला, वेदीकडे तोंड करून एक माणूस गुडघे टेकून बसलाय. तो मातेओ स्वतःच, असं लोक मानतात. नामदेव पायरीशीच बसला म्हणायचं.

वर कमानीत तेच चोवीस, पण जिवंत. कुणी सूर जुळवतोय, कुणी शेजाऱ्याशी बोलतोय, भजन सुरू व्हायच्या आधी टाळकरी करतात तसं. ऐन मधे दोघांच्या मांडीवर मिळून एकच वाद्य. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं सूर काढायचा. आमच्या दिंडीतला वीणेकरी वीणा खाली ठेवत नाही, थकला की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. हे दोघं आठशे वर्षं अदलाबदल न करता बसलेत.

इथंही मोजायला घेतले. सतरापर्यंत आले आणि रखवालदारानं वेळ संपल्याची खूण केली.

"चोवीसच आहेत, मावशी," बाहेर आल्यावर भाचा म्हणाला.