टिकल्यांचा रिग

मागच्या वर्षी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नवा रिग (सेट) घेतला तेव्हा पहिला आठवडा मी लहान पोरासारखा स्क्रीनवर बोटं मारत बसलेलो. नौपाड्यातलं आमचं घर, शॅक, म्हणजे रेडिओची खोली, खरं तर बेडरूमचा एक कोपरा, आणि गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल अँटेना, वीसेक मीटर वायर (सेक्रेटरींना अजून वाटतं ती केबल टीव्हीची आहे, वाटू दे). स्क्रीनवरच्या वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांसारखे दिसतात त्या चित्रावर, एखादी रेघ चमकली की तिच्यावर बोट ठेवायचं, रिग डायरेक्ट तिथे. भारी वाटतं राव, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी सकाळी ऐरोलीचे काका आले. काकांना लहानपणापासून दिसत नाही, मी 'दृष्टिहीन' वगैरे म्हटलं की ते हसतात, म्हणतात आंधळा म्हण की सरळ. सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्स कोडचा, हात मात्र असा की डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हाताखाली मोर्स पाठवायचं पॅडल, आणि मधेच काकूंच्या फोनला उत्तर, तरी एक डॅश इकडचा तिकडे होत नाही.

त्यांच्यासमोर कौतुकाने नवा रिग ठेवला. मोठा नॉब लगेच सापडला, खूश झाले. मग पॅनेल बघायला घेतलं, आणि काका बघतात म्हणजे बोटं फिरवतात, तर एक बोट लागलं स्क्रीनला, बँड निवडायची चौकट उघडली, पुढचं बोट त्या चौकटीत, आणि ४० मीटरवरून आम्ही थेट १५ मीटरवर. काकांना एवढंच कळलं की खरखर एकदम कमी झाली.

"अरे, बंद पडला काय रे?"

"नाही काका, स्क्रीनला हात लागला तुमचा."

"मग हात न लावता बघू कसा?"

मी गप्प.

गंमत म्हणजे काकांचा फोन अख्खा काचेचाच आहे, आणि तो ते माझ्यापेक्षा फास्ट चालवतात. कारण टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन वाचून दाखवायची सोय) बोट नुसतं फिरवलं की फोन बोटाखाली काय आहे ते वाचून दाखवतो, दोनदा टॅप केल्याशिवाय काही करत नाही. आयफोनला तशीच सोय, व्हॉइसओव्हर, २००९ मध्येच आली. म्हणजे दोष काचेचा नाहीच, माझ्या रिगची काच मुकी आहे आणि वर उतावळी आहे, पहिल्या स्पर्शालाच कामाला लागते. सगळेच असे नाहीत हां, आयकॉमचा आयसी-७३०० हा २०१६ चा टचस्क्रीनवालाच, पण त्याला स्पीचचं बटण आहे, दाबलं की फ्रिक्वेन्सी, मोड, एस-मीटर (सिग्नलचा जोर) बोलून सांगतो. केनवूडच्या टीएस-५९० मध्ये व्हीजीएस-१ नावाचं छोटं बोर्ड बसवलं की मेनूसुद्धा बोलतो. जमतं ना मग! बाकीच्यांना काय होतं?

काकांचा खरा राग मात्र स्क्रीनवर नव्हताच, नॉबवर होता. जुन्या रिगच्या व्हॉल्यूमला एक टोक असतं, डावीकडे कट्टकन थांबतो, तिथून किती फिरवला ते बोटांना पाठ. नव्यातला छोटा नॉब गोल गोल फिरतच राहतो, आणि तो आत्ता पॉवरचा आहे की कीयरच्या (मोर्स पाठवायच्या) स्पीडचा हे ठरतं स्क्रीनवर काय उघडलंय त्यावर. "हा नॉब नाही रे, हा भोवरा आहे," म्हणाले.

माझा जुना रिग विकायला काढलेला, तो मग काकाच घेऊन गेले. पुढच्या वेळी त्यांच्याकडे गेलो तर त्याच्यावर टिकल्या! काकूंच्या पाकिटातल्या, खड्याच्या. मोडच्या बटणावर एक, स्प्लिटवर दोन, ट्यूनरवर ती लांबट नागमोडी. "लग्नाला जायचं तर टिकली नाही घरात," काकू आतून ओरडल्या. मी बोट फिरवून बघितलं, डोळे मिटून. पाच मिनिटांत मलाही जमलं की.

आणि डोळे असून माझं तरी काय चाललंय, मे महिन्यात गच्चीवर रिग नेला तेव्हा उन्हात स्क्रीन दिसेना आणि घामेजल्या बोटाने टच घेईना, शेवटी टी-शर्टला बोट पुसत बसलो.

काल रात्री साडेनऊला लिफ्टच्या मोटरच्या खरखरीतून काकांची सीडब्ल्यू आली, ओळखू येतेच. मी ऐटीत त्यांच्या रेघेवर टॅप केलं आणि पडलो किलोहर्ट्झभर बाजूला. पुन्हा टॅप, आता पलीकडच्या बाजूला. तोवर ते दुसऱ्यांदा माझा कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) पाठवत होते. नॉब फिरवूनच पोचलो.